सापाच्या पोटातील आपले औषध



सापाने कधी डॉक्टरची चिठ्ठी घेतली आहे काय? तरीही काही देशांत रानसापांच्या आतड्यांत प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू सापडले आहेत. ते तेथे आले कसे? औषध अर्धवट घेतले, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले, की दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात. आणि आपला चिवटपणा शेजारच्या जंतूंनाही देतात. मग सांडपाण्यातून उंदरात, उंदरातून सापात!

आमच्या यवतमाळात कापसाच्या रानात घोणस, नाग आहेत आणि अनवाणी मजूरही आहेत. दंशावरचे प्रतिविष विष उतरवते, जंतू मारीत नाही. जखम चिघळली आणि औषध लागू पडले नाही, तर पाय जातो.

अपुऱ्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात सांगितला होता. २०१९ साली भारत सरकारने कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, हे योग्यच झाले.

पण मजूर दोन गोळ्यांवर का भागवतो? खाडा झाला की चूल थंडावते म्हणून. त्याला नुसता उपदेश नको. पुरते औषध आणि आजारपणाची भरपगारी रजा द्या, एवढेच आमचे मागणे आहे. त्यात मजुराचे हित आहे, तसे तुमचेही आहे.