पाण्याची नोंद ग्रामसभेत वाचा

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी झाल्या. पाणी लागले, परंतु ते पिण्याजोगे आहे काय, हा प्रश्न मागे राहिला. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत त्या पाण्यात फ्लोराईड निघाले. त्याला रंग नाही, चव नाही. दात डागाळतात, हाडे वाकतात, तेव्हाच ते उमगते. म्हणूनच तपासणी हवी. स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळी, हिरवी कार्डे मिळतात. पण दप्तरात पडलेले लाल कार्ड कोणाचेही रक्षण करीत नाही. तपासणीचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराईड देणारा पंप बंद व्हावा आणि त्याच दिवशी पर्यायी पाणी मिळावे. १९२७ साली महाडला मागितलेला पाण्याचा हक्क निर्धोक पाण्यावाचून अपुराच आहे.