शेजारधर्म आणि राष्ट्रहित



परराष्ट्रनीती हा पंडितांचा विषय. मी कामगारांत वावरलेला माणूस. परंतु शेजाऱ्यासाठी आपण किती झीज सोसावी, हा जो प्रश्न संपाच्या वेळी आम्हांला पडतो, तोच राष्ट्रांनाही पडतो. आफ्रिकेतील झांबियाचे उदाहरण पाहा.

हा देश १९६४ साली स्वतंत्र झाला. त्याला समुद्रकिनारा नाही. निर्यातीचे ९० टक्क्यांहून अधिक उत्पन्न तांब्याचे, आणि ते तांबे बंदराला जाई दक्षिणेकडील ऱ्होडेशियाच्या रेल्वेने. १९६५ साली तेथील मूठभर गोऱ्यांनी सत्ता आपल्याच हाती राहावी म्हणून एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले. झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी तेथील बहुसंख्य काळ्या जनतेची बाजू घेतली. जानेवारी १९७३ मध्ये ऱ्होडेशियाने सरहद्द बंद केली. तांब्याला मात्र सवलत ठेवली. कौंडांनी ती सवलत नाकारली. फेब्रुवारीत ऱ्होडेशियाने सरहद्द उघडली, तरी त्यांनी आपली बाजू बंदच ठेवली.

कोणी म्हणेल, हा भाबडेपणा झाला. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारा व्यापार, हे राष्ट्रहित कसले? झांबियाने टांझानियाशी हातमिळवणी केली आणि चीनच्या बिनव्याजी कर्जातून दार-ए-सलामपर्यंतचा १,८६० किलोमीटरांचा लोहमार्ग १९७५ साली पुरा झाला.

पण नुसत्या निष्ठेने पोट भरत नाही. त्याच सुमारास तांब्याचे भाव कोसळले, नव्या मार्गावर माल तुंबला, आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये शेतीच्या खतासाठी कौंडांना दक्षिणेची रेल्वे पुन्हा खुली करावी लागली. शेजारच्या मलावीने तर १९६७ सालीच दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी राजनैतिक संबंध जोडले होते.

यांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या संपाला निधी नाही, त्यात घरची चूल विझलेला गडी कामावर परतला, तर दोष त्याच्या एकट्याचा नसतो. एकजुटीचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही; तो वाटून घ्यावा लागतो. एप्रिल १९८० मध्ये लुसाका येथे नऊ राष्ट्रे जमली, त्यांत मलावीही होते. दक्षिण आफ्रिकेवरील अवलंबन कमी करण्यासाठी त्यांनी संघटना उभारली आणि पहिले लक्ष दिले ते वाहतुकीकडे.

म्हणून ठरावाला हात वर करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: पहिला फटका कोणाला बसणार, आणि त्याच्या घरी धान्य कोण पोचवणार? याचे उत्तर तयार असेल, तर शेजारधर्म आणि राष्ट्रहित यांत भांडण उरत नाही.