टक् आणि ठप

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "मग, उडालं का विमान?" नाही उडालं. का नाही उडालं, तेच आज सांगतो.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी मिशिगनमध्ये राहतो. दिवसा गाड्यांच्या कंपनीत नोकरी, रात्री घरच्या गॅरेजात दोन माणसांचं विमान बांधायचं. किट मागवायचं, खोके येतात, आपण जोडायचं. अमेरिकेत याला परवानगी आहे; अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा हौसेपोटी केलेलं असावं. पण यात एक मेख आहे. कागदोपत्री विमानाचा निर्माता किट कंपनी नसते, मी असतो. दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द निदान 2 इंच उंच अक्षरांत रंगवावा लागतो. आमची ही विचारते, "प्रयोग नक्की कोणावर?"

तर झालं काय, खोके आले तेव्हा घरात धाकटीच्या बारशाची गडबड. खोके मोजले, बाहेरून ठीक दिसले, सही केली आणि कोपऱ्यात रचून ठेवले. उघडले 11 महिन्यांनी. कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं: तक्रार 30 दिवसांच्या आत. ही चूक सर्वस्वी माझी.

पंखांच्या टोकांमध्ये मागून बॅटरी धरली, तर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं. दिसायला भयंकर, पण त्याचं काही नाही. पातळ इपॉक्सी पुसून भरता येतात. (हे प्रायमर मारायच्या आधी बघायचं हं, नंतर उजेड आरपार जातच नाही.) इंजिनावरच्या काउलिंगचे दोन अर्धे एकमेकांशी जुळेनात, एका बाजूला बोटभर फट. डोकेदुखी आहे, जिवावरचं नाही.

तिसरी गोष्ट मात्र वेगळी. हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा आडवा पंख. त्याचं पॅनेल म्हणजे सँडविच: मध्ये हलका फोम, दोन्ही बाजूंना फायबरग्लासची पातळ कातडी. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही, नाणं लागतं. आई बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून बघायची ना, तसंच. नाणं टिचकावत गेलो. टक्, टक्, टक्... आणि एका जागी ठप. पुन्हा वाजवलं. ठप. पेन्सिलने कडा आखत गेलो, तर तळहाताएवढा डाग निघाला. वरून गुळगुळीत, चकचकीत. आत कातडी फोमपासून सुटलेली.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, "हा फक्त दिसण्यातला दोष आहे, भरून घ्या." आता भरायचं म्हणजे काय? आपले गॅरेजवाले लांबी भरतात तसं मायक्रोबलूनचं मिश्रण. ते खड्डा बुजवतं, ताकद देत नाही. इथे तर खड्डाही नव्हता. फोमला चिकटलेली कातडी दाब सहन करते. सुटलेली कातडी दाबाखाली कागदासारखी फुगते.

खोटं कशाला बोलू, मीही पळवाट शोधली. बारीक भोक पाडायचं, सिरिंजने इपॉक्सी सोडायचं, वरून प्रायमर. कुणाला कळणार होतं? सिरिंज आणूनही ठेवली. सुदैवाने त्या शनिवारी आमच्या ईएएचे टेक्निकल काउन्सेलर यायचे होते. हे अनुभवी विमान-बांधकरी, फुकट येऊन बघतात, सल्ला देतात, सही-शिक्का त्यांचा नसतो. आजोबांनी नाणं वाजवलं, सिरिंजकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत धूळ आहे की मेण, तुला ठाऊक नाही. ते पुन्हा चिकटलं हे सिद्ध कसं करशील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उजव्या सीटवर कोण बसणार आहे, ते मात्र डोळ्यांसमोर आलं.

मग पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी चिडचिड न करता. पट्टी ठेवून काढलेले फोटो, पेन्सिलची कड, भागाचा नंबर, आवाजाचा व्हिडिओ आणि एकच प्रश्न: हा भाग उडण्यास योग्य आहे असं तुम्ही लेखी देता का? नाहीतर दुरुस्तीची तुमची मंजूर पद्धत पाठवा. चार आठवडे शांतता. नंतर नवं पॅनेल अर्ध्या किमतीत देऊ, वाहतूक तुमची. भांडलो असतो तर फुकट मिळालं असतं? कदाचित. पण ते 30 दिवस माझ्याकडूनच गेले होते. पैसे भरले.

नवं पॅनेल गेल्या मंगळवारी आलं. ट्रकवाला सहीसाठी उभा. त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांब बाबा. ड्राइव्हवेवरच खोका फोडला, खिशातलं नाणं काढलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत गेलो. सगळीकडे टक्. मगच सही केली.

काउलिंगची फट अजून तशीच आहे. ते पुढच्या भागात.