शिरेचे दार : रसायनोपचारासाठी पोर्ट बसवावे की न बसवावे?

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्यसेविका यांच्यासाठी भरविलेल्या एका आरोग्य शिबिरात शल्यचिकित्सकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



'पोर्ट' हा शब्द कानी पडला की गोमंतकीय माणसाच्या डोळ्यांपुढे मुरगावचे बंदर उभे राहते. पेडण्याकडील एका वृद्ध शेतकऱ्याने मला एकदा विचारले, "डॉक्टर, माझ्या छातीत बंदर बांधून तिथे जहाजे का लावणार?" आम्ही दोघेही हसलो. परंतु त्यांच्या प्रश्नात एक चांगला धागा होता. आपल्याकडील जुन्या पिढीला पोर्तुगीज अवगत होती. तिला ठाऊक आहे की 'पोर्तू' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार. वैद्यकातील पोर्ट हे बंदर नव्हे, दार आहे. हे दार आपल्या शरीराला पाडून घ्यावे की नाही, हा प्रश्न कर्करोगाच्या रुग्णापुढे येतो तेव्हा त्याने काय विचार करावा, एवढ्याच विषयावर आज मी बोलणार आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. पोर्ट म्हणजे टायटॅनियम धातूची अथवा टणक प्लास्टिकची, साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या घेराची एक लहान डबी. तिचे झाकण सिलिकॉनच्या जाड पडद्याचे असते. गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत ही डबी बसवितात आणि तिला जोडलेली बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडाशी नेऊन ठेवतात. बाहेर काहीच लोंबत नाही. त्वचेखाली केवळ एक उंचवटा दिसतो. औषध द्यावयाच्या वेळी परिचारिका त्वचेतून त्या पडद्यात एक विशिष्ट प्रकारची सुई टोचते. या सुईचे टोक असे घडविलेले असते की पडद्याचा तुकडा निघत नाही. हे काम साध्या इंजेक्शनच्या सुईने करावयाचे नाही, हे येथील आरोग्यसेविकांनी विशेष ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी अशा संपूर्ण त्वचेखालील साधनाची माहिती १९८२ साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वी छातीतून बाहेर येणाऱ्या नळ्यांवरच भागवावे लागे.

आता कोणी विचारील की हाताला शिरा असताना ही उठाठेव कशाला? त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे आल्या. डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काखेतील गाठी काढलेल्या होत्या. अशा बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असल्याने तेथे सुई टोचणे शक्यतो टाळतात. म्हणजे उरला एकच उजवा हात. पुढे डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाच्या चार मात्रा व त्यानंतर दुसऱ्या औषधाच्या दर आठवड्यास एक अशा बारा मात्रा व्हावयाच्या होत्या. सोळा वेळा औषध, शिवाय रक्ततपासण्या निराळ्या, आणि सर्व भार एका हाताच्या शिरांवर. मी रुग्णालयाच्या ओसरीवर उभ्याउभ्याच त्यांना म्हणालो, "बाई, पोर्ट बसवू या का?" त्या म्हणाल्या, "नको डॉक्टर, आता आणखी कापाकापी नको. शिवाय गळ्याखाली उंचवटा दिसला तर वर्गातली मुले विचारतील." मी "बरे" म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

तिसऱ्या मात्रेच्या वेळी सुई शिरेतून निसटली. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेरच्या मांसात झिरपले म्हणजे तेथील पेशी जळतात. औषध तत्काळ थांबविले, आत गेलेले शोषून काढले, थंड पट्ट्या ठेवल्या, पुढचे उपचारही केले. तरीही मनगटावर जखम झाली. ती भरून यावयास कित्येक महिने लागले आणि रसायनोपचार लांबणीवर पडला. ज्या हाताने त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर अक्षरे काढली, त्या हाताला खडू धरवेना. शेवटी पोर्ट बसविलेच; उरलेल्या मात्रा त्यातून सुरळीत पार पडल्या. बाईंनी मला कधी दोष दिला नाही. परंतु मी त्यांना विचारले होते, समजावले नव्हते; आणि या दोहोंमध्ये किती अंतर असते, ते त्या जखमेने मला शिकविले. त्यांनी दिलेला नकार हा माहितीवर आधारलेला निर्णय नव्हता. ती केवळ भीती होती, आणि ती दूर करणे माझे कर्तव्य होते.

तेव्हा सर्वांनी पोर्ट बसवून घ्यावे काय? मुळीच नाही. मला आठवते, एका सत्तरी ओलांडलेल्या आजींना तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने केवळ चार मात्रा द्यावयाच्या होत्या. औषधही असे की शिरेबाहेर गेले तरी तीव्र इजा करणारे नव्हे. दोन्ही हातांच्या शिरा दोरीसारख्या ठसठशीत. सर्व ऐकून घेऊन आजी म्हणाल्या, "चार दिवसांच्या पाहुण्याला नवीन खोली कशाला बांधायची?" त्यांचा निर्णय अगदी योग्य होता.

याउलट त्या पेडण्याच्या शेतकऱ्याचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांना दर पंधरवड्यास एक अशा बारा मात्रा ठरल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांतील एक औषध सलग ४६ तास थेंबथेंब द्यावयाचे होते. पोर्ट असल्यास लहानसा पंप कमरेला बांधून रुग्ण घरी जाऊ शकतो. मात्र या आजारात काही रुग्णांना ४६ तासांच्या औषधाऐवजी गोळ्या देता येतात, आणि मग पोर्टची निकड कमी होते. तेव्हा तोही प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. आमच्या या शेतकऱ्यांच्या बाबतीत तो पर्याय योग्य ठरला नाही आणि पोर्ट बसविले. ते उजव्या खांद्यावर कावड घेत असत, म्हणून आम्ही डबी डाव्या बाजूस ठेवली. आपण कोणत्या खांद्यावर ओझे घेतो, कोणत्या कुशीवर झोपतो, या गोष्टी क्षुल्लक समजून रुग्णाने मनात ठेवू नयेत. त्या शस्त्रक्रियेपूर्वीच सांगाव्यात.

शस्त्रक्रियेचा बाऊ करण्याचे कारण नाही. बहुधा ती जागा बधिर करून तासाभरात होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. जखम भरल्यावर, सुई टोचलेली नसताना, स्नान करावे, स्वयंपाक करावा, देवदर्शनास जावे. कशाचीही आडकाठी नाही. तथापि दाराचे गुण सांगताना त्यातून शिरणारा चोर लपविणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. पोर्टला जंतुसंसर्ग होऊ शकतो. नळीभोवती रक्ताची गुठळी होऊन हात किंवा मान सुजू शकते. बसविताना फुप्फुसाच्या आवरणाला क्वचित इजा होते. नळी मुडपणे, तुटणे, डबी उलटी होणे हेही विरळा घडते.

दंडाच्या शिरेतून आत नेलेली लांब नळी हा तिसरा मार्ग आहे. ती बसविण्यास सोपी. परंतु तिचे टोक बाहेर राहते, दर आठवड्यास पट्टी बदलावी लागते आणि ती पाण्यापासून जपावी लागते. आपल्या पावसाळ्यात, शेतात अन् विहिरीवर वावरणाऱ्यास हे किती जमेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ब्रिटनमध्ये हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला एक तौलनिक अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किमान बारा आठवडे उपचार अपेक्षित असलेले हे रुग्ण होते. त्यात दंडातील नळी व पोर्ट यांची तुलना केली असता नळीच्या गटातील ४७ टक्के, तर पोर्टच्या गटातील ३२ टक्के रुग्णांना काही ना काही उपद्रव झाला. म्हणजे दीर्घ उपचारात पोर्ट सरस ठरले, हे खरे. पण शंभरात बत्तीसांना त्याचाही त्रास झाला, हेही तितकेच खरे. दोन्ही आकडे रुग्णाला सांगितले पाहिजेत.

दार बसविले की त्याची निगा आली. उपचार चालू नसतानाही ठरावीक मुदतीने पोर्टमधून औषधी द्रावण सोडून ते धुवावे लागते. ही मुदत कोठे महिन्याची, तर कोठे तीन महिन्यांपर्यंतची असते. आपल्या रुग्णालयाने सांगितलेली पाळावी. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या टोकाला राहणाऱ्या रुग्णाने हे धुणे कोठे होणार, तेथे जाण्यास बस कोणती आणि सोबत कोण येणार, हे आधीच ठरवावे. ताप १००.४ अंशांवर गेला, अथवा पोर्टमधून औषध दिल्यावर वा ते धुतल्यावर हुडहुडी भरली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. गावातल्या गावात गोळी देऊन रुग्णाला घरी ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण रसायनोपचाराने त्याची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण झालेली असते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. "पोर्ट बसविले म्हणजे दुखणे हाताबाहेर गेले," असे शेजारीपाजारी बोलतात. यात काडीचे तथ्य नाही. पोर्टचा संबंध औषधाशी, मात्रांच्या संख्येशी आणि हाताच्या शिरांशी असतो. पूर्ण बरे होण्याची आशा असलेल्या रुग्णांनाही ते बसवितात आणि काम संपल्यावर काढून टाकतात. घरोघरी जाणाऱ्या सेविकांनी आणि गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा शिक्षकांनी एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळ रुग्णांचे मन हलके होईल.

शिक्षकांना माझी आणखी एक विनंती आहे. आपल्या गावातील रुग्ण पहिल्या मात्रेसाठी निघण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून पुढील प्रश्न एका कागदावर लिहून द्यावेत. मला किती मात्रा घ्यावयाच्या आहेत आणि किती महिने? औषध शिरेबाहेर गेल्यास इजा करणारे आहे काय? माझ्या शिरा कोणी तपासून पाहिल्या आहेत काय? पोर्ट न बसविल्यास दुसरा मार्ग कोणता? बसविल्यास ते कोण धुणार, कोठे आणि केव्हा काढणार? पोर्टचा, दर वेळच्या सुईचा व काढण्याचा खर्च किती, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर त्यातला किती भागतो? शिरा एकदा जळून आखडल्या की निवडीला वाव उरत नाही, म्हणून हे प्रश्न पहिल्या मात्रेपूर्वीच विचारावयाचे. रुग्णालयातील अधिकाऱ्यांनीही रुग्णाला बसावयास खुर्ची देऊन, त्याच्या भाषेत, त्यांची उत्तरे द्यावीत. दहा मिनिटे लागतील. ओसरीवर उभ्याने वाचविलेली माझी दहा मिनिटे एका शिक्षिकेला कित्येक महिने भोवली.

त्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. मनगटावरचा व्रण अजून आहे. गेल्या वर्षी त्यांच्या वाड्यावरील एका तरुण स्त्रीला घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात अकरा प्रश्न लिहिलेले होते. मी खुर्ची ओढून बसलो आणि एकेकाचे उत्तर दिले. त्या तरुणीने सर्व ऐकून घेतले, घरी जाऊन पतीशी आणि सासूबाईंशी विचारविनिमय केला आणि दोन दिवसांनी आपला निर्णय कळविला. तो निर्णय कोणता होता, हे सांगण्याची आज आवश्यकता नाही. तो तिने समजून-उमजून घेतलेला होता, यातच मला समाधान आहे.