भिंतीवरचा तास

ज्ञानेश्वरांनी भिंत चालविली असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजचा विषय त्यामानाने फार साधा आहे. येथे भिंत जागच्या जागी राहणार आहे. चालावयाचे आहे ते मुलांनी, तिच्या अंगावरून, हातापायांनी पकडी घेत. अशा भिंतीला क्लाइंबिंग वॉल म्हणतात. आपण तिला चढाईची भिंत म्हणू. शाळेच्या व्यायामाच्या तासात तिला जागा असावी काय, आणि असल्यास ती कशा प्रकारची असावी, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे.

तो आज निघण्याचे कारण उघड आहे. टोकियोचे ऑलिंपिक सामने २०२१ मध्ये भरले, तेव्हा या चढाईला त्यांत प्रथमच प्रवेश मिळाला. २०२४ मध्ये पॅरिस येथे इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने १५ मीटर उंचीची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक घेतले. एवढ्या वेळात आपल्याला जिन्याचा पहिला टप्पाही चढून होत नाही. आपल्याकडेही नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली या खेळाच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या. अशी दृश्ये पाहिली की आपल्याही अंगणात एक उंच भिंत उभी राहावी असे शाळाचालकांना वाटू लागते. ही इच्छा चांगली असली, तरी तिच्यातील ‘उंच’ या विशेषणाबद्दल माझी तक्रार आहे.

सरकारी कामानिमित्त शाळा पाहण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. एका शाळेत मी अशी तीस फुटी भिंत पाहिली. रंग ताजा होता, उद्घाटनाची शिला चकचकीत होती, आणि भिंतीपुढे जाळीचे दार असून त्याला कुलूप होते. दोर सांभाळण्याचे शिक्षण घेतलेल्या शिक्षकांची बदली झाली होती. त्यांच्यावाचून दार उघडणे धोक्याचे, म्हणून ते उघडत नसत. आणि ते योग्यच होते. उंच भिंतीवर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा लागतो, दोर लागतो, खाली दोर धरणारा जाणता माणूस लागतो. पट्टा बांधणे, गाठ तपासणे, चढणे, उतरणे यांत एका मुलाची पाच मिनिटे सहज जातात. पस्तीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे हजेरीत आणि रांगेत गेली असे धरले, तर दोन दोरांवर जेमतेम दहा मुले चढतील. वर्गात मुले पन्नास. उरलेल्या चाळीस मुलांनी माना वर करून पाहावयाचे, यालाही आपण व्यायामाचा तासच म्हणणार काय?

याच हिशेबाने आडव्या भिंतीचा विचार करा. ती आठ फूट उंच आणि तीस-चाळीस फूट लांब असते. जमिनीपासून तीन फुटांवर तिच्यावर एक ठळक तांबडी रेघ ओढलेली असते. पाय त्या रेघेच्या वर न्यावयाचे नाहीत. मूल वर जात नाही, बाजूने जाते. पडले तर आपल्या कमरेएवढ्या उंचीवरून पडते. दोर नको, पट्टा नको. छत्तीस फुटी भिंतीवर सहा मुले एका वेळी मावतात, आणि दीड मिनिटाची पाळी धरली तर उरलेल्या पंचवीस मिनिटांत शंभराच्या जवळपास पाळ्या होतात. म्हणजे पन्नास मुलांतील जवळजवळ प्रत्येकाचे हात भिंतीला दोनदा लागले.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात व्यायामशास्त्राचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसविले आणि तिच्यावर चढाईचा सराव सुरू केला. यॉर्कशायरचा पाऊस आणि लांबलेला हिवाळा ध्यानी घेतला म्हणजे कड्यांऐवजी बोळ का, हे सांगावे लागत नाही. जॉन सिरेट नावाचा विद्यार्थी याच बोळात तयार झाला आणि पुढे तिकडच्या अवघड कड्यांवर त्याने नाव मिळविले. मोठ्या मैदानावाचून, मोठ्या खर्चावाचून, येण्याजाण्याच्या वाटेवरच्या भिंतीवर हे घडले. आपल्या किती शाळांना मैदान नाही, याची आठवण येथे कोणालाही होईल.

परंतु मला या भिंतीचे खरे महत्त्व वाटते ते निराळ्याच कारणाने. खो-खो किंवा कबड्डीच्या आधी गडी वाटून घेण्याचा प्रसंग आठवा. दोन नायक एकेक गडी मागून घेतात, आणि अखेरीस जी दोन-तीन मुले उरतात ती कोणाच्या तरी पदरात पडतात. फार झाले तर ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळतात. दरवर्षी तीच मुले उरतात. खेळात बाद झालेले मूल बाहेर बसते, म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. भिंतीवर कोणी कोणाला बाद करीत नाही. धीट मुलगा लहान पकडींवरून जातो, त्याच्या मागून येणारी भित्री मुलगी मोठ्या पकडींवरून जाते, आणि दोघेही त्याच भिंतीवर असतात. हलक्या अंगाच्या मुलांना येथे शरीराचा फायदा मिळतो. मैदानात मागे पडणारी काटकुळी मुले भिंतीवर पुष्कळदा पुढे निघतात. जड अंगाच्या मुलास मात्र ही चढाई अवघड जाते, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी पायाखाली रुंद आधार बसवावेत, आणि कोण किती लांब गेला याच्या शर्यती निदान पहिल्या वर्षी लावूच नयेत.

नवशिके मूल हातांनी ओढून घेऊ पाहते. मुठी घट्ट आवळल्या की कोपरापुढचे स्नायू फुगतात, त्यांतील रक्ताचा प्रवाह कोंडतो, आणि मिनिटभरात बोटे उघडू लागतात. शिक्षकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी: भार पायांवर, हात सरळ, कंबर भिंतीजवळ. तीन अवयव टेकलेले असावेत, चौथा हलावा. हे जमू लागले की खेळ सुचू लागतात. त्यांतील एक मला फार आवडतो, कारण तो आपल्या भेंड्यांच्या जातीचा आहे. पहिल्याने दोन पकडी घ्यावयाच्या. दुसऱ्याने त्याच दोन घेऊन आपल्या दोन जोडावयाच्या. तिसऱ्याने चार घेऊन पुढे. दहाव्या गड्याच्या वेळी हातापायांइतकीच स्मरणशक्ती दमते. दुसरा खेळ जोडीचा. एकाने डोळे बांधून चढावयाचे, दुसऱ्याने जमिनीवरून ‘उजवा पाय वीतभर खाली’ अशी वाट सांगावयाची. ज्या वर्गात दृष्टिहीन मूल असेल तेथे हा खेळ सर्वांना एका पातळीवर आणतो.

आता बांधणीविषयी थोडे. भिंत पक्क्या विटांची किंवा काँक्रीटची असावी, आणि ती भार घेईल असे अभियंत्याने लिहून द्यावे. खोल्या पाडण्यासाठी घातलेली अर्ध्या विटेची आडभिंत या कामाची नव्हे. पकडी राळेसारख्या कृत्रिम द्रव्याच्या मिळतात आणि १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टांनी बसतात. प्लायवुडच्या फळीत मागून नट ठोकून ठेवल्यास पकडी काढून जागा बदलता येतात, आणि हे महत्त्वाचे आहे. कारण चार महिने तीच वाट राहिली की मुलांना तिचा कंटाळा येतो. पकडी मोठ्या, गोल कडांच्या घ्याव्यात. बोटांच्या टोकांवर लोंबकळावयास लावणाऱ्या बारीक पकडी वाढत्या वयात नकोत; बोटांच्या हाडांची वाढ ज्या जागी होते तेथेच इजा होण्याचा संभव असतो. खाली गाद्या एकमेकींस भिडवून घालाव्यात, कारण घोटा मुरगळतो तो दोन गाद्यांमधील फटीत. वाळू घातल्यास ती दर आठवड्याला उकरावी. पावसाळ्यात ती दगडासारखी बसते. अंगठ्या आणि बांगड्या आधी काढावयाच्या. हा नियम कोणासाठीही मोडू नये, कारण अंगठी पकडीत अडकली तर पडणाऱ्याचा सारा भार एका बोटावर येतो.

आमच्याकडे मल्लखांब असताना ही परदेशी भिंत कशाला, असे कोणी विचारील. मल्लखांबाचे मोल मी जाणतो, आणि २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यक्रीडेचा मान दिला याचा मला आनंद आहे. पण खांबावर एका वेळी एकच गडी चढतो आणि त्याच्या पहिल्या पायरीलाच बरीच तयारी लागते. शिवाय दोहोंत वैर नाही. ज्या शिक्षकाने मल्लखांब शिकविला आहे त्याला पडणाऱ्या मुलाजवळ कोठे उभे राहावे हे सांगावे लागत नाही, आणि भिंतीला असाच शिक्षक हवा असतो.

राहिला पैसा. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० आणि माध्यमिक शाळेस २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. एवढ्यात उंच भिंत होणार नाही. आडवी भिंत मात्र तुकड्यातुकड्याने वाढविता येते: यंदा चार फुटांची एक फळी आणि वीसेक पकडी, पुढल्या वर्षी आणखी एक. पहिल्या वर्षी पन्नास मुलांना ती अपुरी पडेल हे खरे. तोवर अर्ध्या वर्गाने मैदानात दोरीच्या उड्या माराव्यात.

फळीबरोबर बोल्ट आवळण्याची षट्कोनी किल्ली येते. ती कपाटात जाऊ देऊ नये. सैल झालेली पकड हाताखाली फिरते आणि मूल पडते, म्हणून रोज पहिल्या तासाआधी प्रत्येक पकड हलवून पाहावी लागते. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली आठवीच्या मुलांकडे आळीपाळीने द्यावे आणि एका वहीत त्यांच्या सह्या घ्याव्यात. कोणती पकड आज सैल आहे, हे त्यांना आपल्याआधी कळते.