घराचा नकाशा आणि आपली मुले



जव्हार-मोखाड्याच्या पावसात घर टिकवणे किती अवघड, हे आपणांस सांगावयास नको. कारवीच्या कुडाची भिंत भिजू नये म्हणून छप्पर खाली उतरवणारे जुने लोक जाणते होते. आता सिमेंटची घरे आली. ते शहाणपण नकाशात उतरवणारा शिकलेला माणूस म्हणजे आर्किटेक्ट.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली एक मंडळ स्थापन केले. १९२९ साली तेच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाले. कोकणातील आचरे गावी जन्मलेले अच्युत कानविंदे पुढे या संस्थेचे अध्यक्ष होते. खेड्यातल्या मुलाला ही वाट बंद नाही.

या संस्थेचे सभासद होणे ऐच्छिक आहे. १९७२ च्या कायद्याने नेमलेली ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ मात्र वेगळी. तिच्या नोंदवहीत नाव असल्यावाचून कोणालाही स्वतःस आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नुसता नकाशा काढण्यास कायद्याची मनाई नाही. म्हणूनच नकाशा काढून घेताना नोंदणी क्रमांक अवश्य विचारा.

मुलामुलींनो, चित्रकलेची आवड असेल तर गणित सोडू नका. अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे व त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आणि पालकहो, फी भरण्यापूर्वी त्या कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे की नाही, हे पाहा. मान्यता नसेल तर पाच वर्षे व घामाचा पैसा खर्चूनही मुलाचे नाव त्या नोंदवहीत चढणार नाही.