पोरांचं ऐका, प्रकरण मिटवू नका
(ग्रामसभा प्रतिनिधींच्या शिबिरातलं भाषण)



वनहक्काच्या दाव्यांसाठी आपण आज जमलो आहोत. पण जमीन राखायची कुणासाठी? पोरांसाठीच ना! म्हणून त्यांचा विषय आज घेतो आहोत.

दिवाळी झाली की आपण वीटभट्टीवर, ऊसतोडीला जातो. पोरं आश्रमशाळेत राहतात. सुट्टीत घरी आलेलं पोर परत जायला रडतं, रात्री दचकून उठतं, गप्प गप्प बसतं. आपण म्हणतो नाटक करतंय, आणि गाडीत बसवून देतो. तसं करू नका. जवळ घ्या, विचारा, ऐका. प्रत्येक वेळी कारण वाईटच असेल असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणार कसं? मुलग्यांनाही विचारा, त्यांच्यावरही अत्याचार होतात. करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो.

मग पंच बसतात, दंड घेतात, मिटलं म्हणतात. दंड मोठ्यांच्या हातात जातो, पोराचं दुखणं तसंच राहतं, आणि तो माणूस उजळ माथ्याने फिरतो. आपली रूढी आपल्याला प्यारी आहे, पण हा गुन्हा पंचांनी मिटवायचा नाही.

2012 चा पोक्सो कायदा सांगतो, अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. खऱ्या मनाने खबर देणाऱ्यावर केस होत नाही.

एवढं ध्यानात ठेवा:
- 1098 वर फोन फुकट लागतो, रात्रीही.
- जबाब पोराच्या घरी घेता येतो. पोलीस गणवेशात नकोत.
- पोराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.
- मुलीची तपासणी डॉक्टरबाईच करेल.
- तातडीच्या उपचाराला दवाखान्याने आधी पोलिसांचा कागद मागायचा नाही.
- एफआयआरची नक्कल फुकट मिळते. दाव्याची पोच घेतल्याशिवाय आपण उठत नाही, तसंच नकलेशिवाय ठाण्यातून उठू नका.

पोराचं नाव मात्र सभेत, बाजारात कुठेच घेऊ नका.

आमचं म्हणणं असं, की प्रत्येक ग्रामसभेने दोन बाया निवडाव्यात. त्यांनी दर महिन्याला आश्रमशाळेत जाऊन पोरांशी बोलावं. हा ठराव आजच लिहू या, अंगठे-सह्या करू या.

जमीन आमची, जंगल आमचं, पोरंही आमची! जिंदाबाद!